अठ्ठावीस मिलिमीटर

आमचा माणूस अठ्ठावीस मिलिमीटर उंच.
तळव्यापासून डोळ्यापर्यंत मोजायचा,
पागोटं धरायचं नाही, असा नियम आहे.
त्या हिशेबानं तट चार बोटं,
बुरूज एक वीत,
दरवाजा हत्ती जाईल एवढा.
हत्ती अजून मिळालेला नाही.

लोहिया बाजारामागच्या वखारीत
मी जळणाच्या ढिगातले सागाचे तुकडे मागतो.
"इतने में क्या बनेगा, भाईसाहब?"
"किला."
तो मान वर करून डोंगराकडे बघतो,
मग माझ्या पिशवीकडे,
आणि पैसे घेत नाही.

डोंगरावरचा तो ग्वाल्हेरात कुठल्याही गच्चीवरून दिसतो.
कपडे वाळत घालताना दिसतो,
पतंग कटला की दिसतो,
रोज दिसतो म्हणून कुणी बघत नाही.
मी त्याची नक्कल केली नाही.
दगडाचं सोंग लाकडानं घेऊ नये,
लाकूड कुठंतरी रेषा दाखवतंच.
माझा गड लाकडाचाच,
कुठल्याही बखरीत नसलेला,
खांब रोवून उभा, वर काथ्याचं छप्पर.

दिवसा मी दात करतो.
दाल बाजारात, दवाखान्यामागच्या खोलीत,
पूर्ण कवळ्या, अर्ध्या कवळ्या,
एखादा एकटा सुळा.
तीच कोरणी, तीच मेणाची सुरी
रात्री जेवणाच्या टेबलावर येते.
बायको म्हणते, खाली पेपर तरी घाला.
आइस्क्रीमच्या काड्या उकळून वाकवतो,
लोखंडी ब्रशानं घासल्या
की शंभर वर्षांच्या होतात.
चहाच्या पाण्याचे दोन हात, वर कोळशाची पूड.
वय चढवणं सोपं आहे.

अडलं ते तटावरच्या वाटेपाशी.
शिपायाच्या पायाखालची चकती एक इंच,
म्हणजे वाट सव्वा इंच पुरे.
नकाशात तेवढीच होती, केलीही तेवढीच.
मग अच्युत बिडवे आला.
वीस वर्षं आम्ही समोरासमोर बसतो.
त्यानं रंगवलेल्या पलटणीच्या
मिशा भिंगातून मोजता येतात.
आता त्याचा उजवा हात त्याचं ऐकत नाही.
कप बशीत वाजतो.
बुरुजावर ठेवायला त्यानं एक भालाईत उचलला
आणि चौघे आडवे झाले.
"माझेच लोक, मीच मारतोय," म्हणाला, हसला,
आणि पुढच्या शनिवारी आला नाही.
त्याच्या पुढच्याही.

मी वाट मोडली.
सुकलेल्या फेविकॉलचं दाढेसारखंच असतं,
आधी आवाज येतो, मग सुटतं.
नवी वाट अडीच इंच.
बुरुजांची डोकी पसरट,
दरवाजावरचं छप्पर
अख्खं उचलून बाजूला ठेवता येईल असं.
फळ्यांखाली पत्रा,
आणि चकत्यांना कवळीतले बारके चुंबक.
आता ठेवायचं नाही, नुसतं जवळ न्यायचं,
पुढचं ते बघतं.

गड बेढब झाला.
असा तट कुठल्या किल्लेदारानं बांधला नसता,
त्यावरून बैलगाडी जाईल.
कुणी विचारलंच तर सांगेन,
अठ्ठावीस मिलिमीटर हे माप माणसाचं,
त्याला तटावर ठेवणाऱ्याचं नाही.

फोनवर एवढंच म्हटलं, "चढाई तुझी."
शनिवारी अच्युत आला.
शिडीवरून पहिला भालाईत तटाजवळ नेला.
टक्.
त्यानं माझ्याकडे बघितलं.
मी नियमांच्या पुस्तकात डोकं घातलं होतं.
टक्. टक्.
मग बराच वेळ नुसतं टक्.

आणि फासे टाकताना तर
हात हलवावाच लागतो,
सगळ्यांना.

दोन सहा पडले. दरवाजा पडला.
पडावा म्हणूनच बिजागरीत खिळा दिला नव्हता,
न पडणारा गड खेळायला काय कामाचा?

रात्री टेबल पुसताना
बायकोला छपराखाली एक शिपाई सापडला, आडवा.
"हा मेला का?"
"नाही," म्हटलं, "झोपलाय.
पहारा त्याचा नव्हता."